निघोजचे रांजणखळगे: निरभ्र आभाळाखाली पाणी चढलं तो दिवस

त्या रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझा पहिला खडा बुडाला. फेब्रुवारी महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, कित्येक आठवड्यांत पावसाचा थेंब नाही. रांजणखळगे, म्हणजे नदीने खडकात कोरलेले रांजणासारखे खड्डे, दाखवायला मी आणलेला गट कुकडी नदीच्या पात्रातल्या खडकावर पसरलेला होता. आठजण, मी, आणि मागची बाजू सांभाळणारा माझा जोडीदार.

खडा बुडाला म्हणजे काय, ते आधी सांगते. कुकडीच्या पात्रात गट उतरवण्याआधी मी पाण्याच्या कडेला तीन खडे मांडते. पहिला पाण्याला टेकलेला, दुसरा त्याच्या वर चार बोटं, तिसरा वीतभर वर. हे माप उंचीचं आहे, अंतराचं नाही. सपाट खडकावर पाणी सारखं पुढेमागे होत असतं, त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून उभ्या भिंतीचे कंगोरे शोधून खडे त्यांवर ठेवायचे. वेळ वहीत लिहायची आणि दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं. गटाला खडकाची गोष्ट सांगताना माझी पाठ नदीकडे कधीच नसते. ऐकणाऱ्यांची असली तरी चालते.

निघोज पारनेर तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. पलीकडचा काठ टाकळी हाजीचा, म्हणजे शिरूर तालुका आणि पुणे जिल्हा. मधली कुकडी हीच हद्द. काठावर मळगंगा देवीचं देऊळ, वरून झुलता पूल, आणि खाली काळ्या बसाल्टमध्ये कोरलेले शेकडो खळगे. नदी जुन्नरच्या डोंगरात, कुकडेश्वराजवळ उगम पावते. इथे पोचेपर्यंत तिच्यावर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं होऊन गेलेली असतात, शिवाय कोल्हापुरी बंधारे. त्यामुळे या पात्रातलं पाणी पावसापेक्षा माणसाच्या हातात जास्त आहे. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून ठरवून सोडलेलं पाणी, सुटलं किंवा वरच्या एखाद्या बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवायला लावलेल्या फळ्या, काढले, की भर उन्हात पाणी येतं. पात्रात उतरणाऱ्याने पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं करायला हवं. आदल्या संध्याकाळी वरच्या गावांतल्या ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन करून विचारणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. त्या शनिवारी विचारलं होतं, आणि 'काही नाही' असंच उत्तर आलं होतं.

आठच माणसं का, हे बरेचजण विचारतात. चांगल्या खळग्याच्या काठावर धड उभं राहायला चार-पाचजणांपुरतीच जागा असते. आठांचे दोन भाग करता येतात, एक माझ्यापाशी, दुसरा जोडीदारापाशी. पाण्याच्या आवाजात माझा आवाज दहा-बारा पावलांपलीकडे नीट पोचत नाही. आणि खरं कारण बाहेर पडायच्या वाटेचं. अडचणीच्या जागी एकेकाला ओलांडवायला मिनिटभर लागतं. आठजणांना आठ-दहा मिनिटं. वीसजण असतील तर तेवढी मिनिटं नदी देईलच असं नाही.

सकाळी साडेआठला काठावरच बूट तपासले होते. गुळगुळीत झिजलेला तळ असेल तर त्या माणसाला खाली नेत नाही, झुलत्या पुलावरून दाखवते. त्या दिवशी सगळ्यांचे तळ चांगले होते. नियम तीन. काठावर बसून पाय आत सोडायचे नाहीत. ओल्या खडकावर पाऊल टेकवून, वजन टाकून, मगच दुसरं उचलायचं. एक लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे थांबून माझ्याकडे बघा, तीन तुटक शिट्ट्या म्हणजे हातातलं सोडून बाहेरच्या वाटेला लागा. हे तिघांकडून वदवून घेतलं. नुसतं सांगितलं तर माना डोलतात आणि वेळेला कोणालाच आठवत नाही.

काठावर बसू नका म्हणते त्याचं कारण खळग्याच्या आकारात आहे. रांजण हे नाव अगदी नेमकं बसलंय. तोंड लहान, पोट मोठं. सकाळी ज्या खळग्यापाशी पहिल्यांदा थांबलो त्याचं तोंड जेमतेम अडीच फुटांचं होतं, खोली माझ्या काठीने मोजली तर सहा फूट, आणि आत भिंत दोन्ही अंगांनी हातभर मागे गेलेली. म्हणजे आपण ज्या कडेवर उभे राहतो ती पुष्कळदा खालून पोकळ असते, दगडी छज्ज्यासारखी. तिच्या टोकावर वजन द्यायचं नाही. आणि आत पडलं तर भिंत आपल्याच अंगावर झुकलेली, पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. बोट अडकवायला खाच नाही. पट्टीचा पोहणाराही अशा रांजणातून स्वतःच्या बळावर वर येऊ शकत नाही.

तो खळगा मी सगळ्यांना पोटावर झोपवून बघायला लावला. सकाळचं ऊन तिरपं असलं की आतल्या भिंतीवरच्या आडव्या, किंचित पिळदार खोबणी उठून दिसतात. दुपारी बाराला त्याच भिंती सपाट वाटतात, म्हणून साडेदहाच्या आत हा भाग उरकायचा. तळाशी मूठभर गोटे होते, अंड्याएवढे, तेवढेच गुळगुळीत. एकाने काठावरचा तसाच एक गोटा खिशात घालायला उचलला, तो परत ठेवायला लावला. खळगा कोरायची हत्यारं तीच आहेत.

हा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचे थर. थंड होताना त्याला भेगा पडल्या, आणि आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे तसेच पोकळ्या होऊन राहिले. पुढे काही पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. खडकावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं की हे पांढरे ठिपके लख्ख दिसतात, भिंगाची गरजही पडत नाही. पुराचं पाणी अशा एखाद्या भेगेपाशी किंवा खाचेपाशी अडखळतं, तिथे भोवरा धरतो, आणि भोवऱ्यात सापडलेले वाळू-गोटे खडक घासत गोल फिरतात. खाच खोल झाली की भोवरा आणखी पक्का होतो. सगळं श्रेय मोठ्या गोट्याला दिलं जातं, ते मला पटत नाही. पाण्याला न हलवता येणारा धोंडा तळाशी बसला तर तो तळाचं रक्षणच करतो. पोट रुंद करायचं बरंचसं काम पाण्याबरोबर फिरणाऱ्या बारीक वाळूचं असतं. दोन शेजारी रांजण रुंद होत गेले की मधली भिंत पातळ होते, फुटते, आणि दोघांचा एक होतो. अशा ओळी जुळत जुळतच मधली खोल घळ तयार झाली आहे. तिच्या दोन्ही भिंतींत अर्धे कापलेले रांजण उभे दिसतात.

दहा वाजता आम्ही मुख्य घळीच्या बाजूच्या खडकावर होतो. हा खडक वरवर काठाचाच भाग वाटतो, पण तसा नाही. त्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद उपघळ आहे, दोन फूट रुंद, कमरेएवढी खोल. फेब्रुवारीत तिच्या तळाशी घोटाभर पाणी असतं आणि एका ढांगेत माणूस पलीकडे जातो. तेवढ्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही की आपण बेटावर उभे आहोत. पाणी चढलं की आधी ही मागची उपघळ वाहू लागते. लोक समोरच्या मोठ्या धारेकडे बघत राहतात आणि परतीची वाट पाठीमागे तुटते.

पहिला खडा बुडालेला दिसला तेव्हा मी कोणाला हलवलं नाही. काठच्या उपसा मोटारी वीज गेल्यामुळे एकदम बंद पडल्या तरी पाणी थोडं चढतं. तसं चढलेलं पाणी स्वच्छ असतं आणि तेवढ्यावरच थांबतं. म्हणून पहिल्या खड्याला फक्त घड्याळ बघायचं. तीन मिनिटांनी दुसऱ्या खड्याच्या निम्म्यावर पाणी होतं. त्याच सुमारास धारेचा रंग बदलला, हिरवट पाणी मातकट झालं, आणि वाळका पाला, काटक्या, फेसाचे पुंजके येऊ लागले. काठावरचा कचरा धुऊन आणतंय म्हणजे हे वरून आलेलं नवं पाणी. जोडीदाराने तिकडून हात वर केला, "ताई, चढतंय!" दहा चौदाला मी तीन तुटक शिट्ट्या दिल्या.

इथे भीती फक्त धारेच्या जोराची नसते. घोटाभर पाण्यात माणूस उभा राहू शकतो. पण घोटाभर गढूळ पाणी खडकावर पसरलं की खळग्यांची तोंडं दिसेनाशी होतात. सकाळी ज्यांच्या काठावर फोटो काढले तेच रांजण आता पायाखाली, न दिसणारे. त्यामुळे बाहेर पडायची मुदत पाणी किती खोल झालं यावर ठरत नाही, खळग्यांचे काठ कधी बुडतात यावर ठरते. ते उघडे आहेत तोवर सगळे काठावर पोचायला हवेत.

एक काका स्टँडचे तीन पाय तीन काठांवर टेकवून मुख्य घळीचा फोटो घेत होते. "ताई, एक मिनिट, एवढं घडी घालतो."

"काका, कॅमेरा गळ्यात घाला. स्टँड राहू दे तिथेच."

ऐकलं त्यांनी. तिघेजण नेहमीच्या जागेवरूनच ढांग टाकून पलीकडे गेले. मग निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंची पाळी आली आणि त्या थांबल्या. सकाळी अलगद ओलांडलेल्या फटीतून आता मांडीभर पाणी फेसाळत चाललं होतं. फट तेवढीच होती, पण खाली पांढरं पाणी पळताना दिसलं की पाय उचलत नाही. अशा वेळी हात धरून ओढायचं नाही, 'टाका उडी' असं तर कधीच म्हणायचं नाही. घाबरलेला माणूस अर्धी उडी मारतो आणि पाय नेमका फटीत जातो. मागे उभ्या असलेल्यांचेही पाय तेच बघून जड होतात.

यासाठीच दुसरी वाट सकाळी स्वतः चालून ठेवलेली असते. तिथून तीस पावलं वर उपघळ पसरट होते, आठ फूट रुंद पण उथळ, आणि त्या पट्ट्यात एकही खळगा नाही. हे मी सकाळी कोरड्या खडकावर काठी टेकत बघून ठेवलं होतं. उरलेल्या पाचही जणांना तिकडे वळवलं. आता तिथे पोटरीच्या खाली पाणी होतं. काकू मध्ये, दोन बाजूंना दोघे तरुण, तिघांनी एकमेकांचे खांदे धरलेले. तोंड पाणी येतं त्या दिशेला, चाल आडवी, पाऊल उचलायचं नाही, तळाला घासत सरकवायचं. एका वेळी तिघांपैकी एकानेच हलायचं. मी पुढून काठीने तळ चाचपत होते. जोडीदार खालच्या अंगाला, अरुंद फटीच्या वर, पंधरा मीटर दोराची थ्रो-बॅग, म्हणजे दोर भरलेली फेकायची पिशवी, उघडी धरून उभा राहिला, कारण घसरलेला माणूस वाहत तिकडेच जाणार. दोर कोणाच्या कमरेला बांधला नव्हता. वाहत्या पाण्यात बांधलेला दोर ताणला गेला की तोच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. दोर फेकायचा, त्याने हातात धरायचा, नको वाटलं तर सोडता आला पाहिजे.

मग काका आणि त्यांच्यासोबतचा मुलगा, शेवटी जोडीदार. दहा पंचवीसला मी काठावर डोकी मोजली, दोनदा. दहा चाळीसला तिसरा खडा दिसेनासा झाला. अकराला आम्ही उभे होतो तो सगळा खडक पाण्याखाली होता.

पुढचा कार्यक्रम मी बदलला. गटाला झुलत्या पुलावर नेलं, आणि तिथून जे दिसलं ते कोरड्या दिवसांत दाखवता येत नाही. बुडालेल्या खडकावर प्रत्येक मोठ्या रांजणाच्या जागी फेसाची एक तबकडी फिरत होती, काही डावीकडे, काही उजवीकडे. एक वाळकं पान एका तबकडीत शिरलं, चार-पाच वेढे घेतले आणि मधोमध आत ओढलं गेलं. थोड्या वेळाने ते खालच्या अंगाला, दुसऱ्याच तोंडातून वर आलं. ते दोन रांजण आतून जोडलेले आहेत हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. काकू कठडा धरून बराच वेळ तेच बघत होत्या.

दुपारी फोनाफोनी केल्यावर कळलं, वरच्या अंगाला एका बंधाऱ्याचे ढापे त्याच पहाटे काढले होते. चारपर्यंत पाणी उतरलं, तरी गट पुन्हा खाली नेला नाही. पॉलिश झालेल्या खडकावर ताज्या गाळाचा पातळ थर बसला की चांगला रबरी तळही धरत नाही, तो सुकायला निदान एक पूर्ण दिवस ऊन लागतं. मी आणि जोडीदार मात्र दोर घेऊन उतरलो. स्टँड एका रांजणात उलटा अडकला होता, दोन पाय वाकलेले. तीन खड्यांपैकी एकही जागेवर नव्हता. पाण्याची सर्वांत वरची रेषा खडकावर ओली दिसत होती, तिथे खडूने खूण केली आणि मोजपट्टी लावली. सकाळच्या पातळीपेक्षा तीन फूट दोन इंच. वहीत तारीख आणि वेळेसमोर तेवढं लिहिलं, आणि आतून जोडलेल्या त्या दोन रांजणांची जागा नकाशावर दाखवून ठेवली.