सन १७८०ची फुलदाणी

क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळाच्या आवारात बाजार भरतो. बौद्ध भिक्षू कूकाई, ज्यांना इथले लोक कोबो दाइशी म्हणतात, ते ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ला वारले, म्हणून ही तारीख. लोणची, सुकी मासळी, जुने किमोनो, गंजलेली हत्यारं, बोन्साय, आणि त्यांच्या अधेमधे ताडपत्रीवर भांडी मांडून बसलेले जुन्या वस्तूंचे व्यापारी. माझं काम दुभाष्याचं. पुण्यात माझ्याबरोबर जपानी शिकलेली बहुतेक मंडळी सॉफ्टवेअर कंपन्यांत गेली, मी जुनी भांडी विकत घ्यायला येणाऱ्या परदेशी लोकांबरोबर हिंडते. पैसे बोलण्याचे मिळतात. मेहनत मात्र जास्त लागते ती गिऱ्हाइकाला घाई करू न देण्यात.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक मराठीच निघालं. न्यू जर्सीतले निवृत्त नेत्रतज्ज्ञ, मूळचे साताऱ्याचे. मी ‘सर’ म्हटल्याबरोबर म्हणाले, “सर तिकडे रोज ऐकतो. काका म्हण.” हॉटेलच्या लॉबीत भेटलो तेव्हा त्यांच्या मांडीवर एक मोठी पेटी होती. पेटीतून टॉवेल, टॉवेलातून आणखी एक टॉवेल, आणि त्यातून हातभर उंचीची फुलदाणी निघाली. काळपट तपकिरी जमीन, त्यावर प्रभावळी असलेले बुद्धाचे शिष्य दाटीवाटीनं बसलेले, मीन्याचे उठावदार ठिपके आणि वर सोनंच सोनं. मुठींच्या जागी दोन ड्रॅगन. बुडाला वर्तुळातला क्रॉस आणि त्याखाली चिनी लिपीत ‘सात्सुमा’, म्हणजे दक्षिण जपानातल्या, शिमाझू सरदारांच्या जुन्या संस्थानाचं नाव.

“१७८० सालची आहे,” काका म्हणाले. “शिमाझू सरदारांच्या घरातली. तिकडच्या एका लिलावात घेतली. दोन हजार डॉलरच्या वर पडली, पण हिची जोडीदारीण मिळाली तर किंमत कुठल्या कुठे जाईल.”

मला लॉबीतच कळलं होतं. पण निकाल देणं माझं काम नाही, आणि गिऱ्हाइकाला सकाळी सातला दुखावलं की सबंध दिवस वाया जातो. मी म्हटलं, “दुपारी ज्या दुकानात जाणार आहोत, तिथे दाखवू.”

बाजारात त्यांनी निळ्या नक्षीची एक बशी उचलली. दोन हजार येन, म्हणजे या बाजारात किरकोळच. मी त्यांना कडेला एक जागा दाखवली, जिथे वेलाचं एक पान मधूनच तुटलं होतं आणि पुढचं पान त्याच्यावर अर्धवट चढलं होतं. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२मध्ये, अशा बश्या कागदावरचा छाप भांड्यावर उतरवून करत. गोल बशीवर कागद चिकटवताना दोन तुकड्यांचा सांधा जुळत नाही, तो असा दिसतो. मला स्वतःला हे सांधे फार आवडतात. काकांनी बशी लगेच खाली ठेवली. “छापील? मग नको. मला हातानं रंगवलेलंच हवं.”

जुन्या वस्तूंची नावाजलेली दुकानं क्योतोच्या गिओन भागात शिनमोन्झेन रस्त्यावर आहेत. मेइजी काळापासून हा रस्ता परदेशी गिऱ्हाइकांच्या सवयीचा. आम्ही गेलो त्या दुकानाच्या मालकीणबाई सत्तरीच्या. चहा झाल्यावर त्यांनी हातातलं घड्याळ काढलं, अंगठी काढली, टेबलावर जाड फेल्ट अंथरलं आणि मग फुलदाणी दोन्ही हातांनी, फेल्टपासून जेमतेम चार बोटं वर धरून फिरवायला सुरुवात केली. चांगला व्यापारी वस्तू कधी छातीपर्यंत उचलत नाही. बूड त्यांनी पाहिलंच नाही. आधी तोंडाची कड, मग मुठी जिथे अंगाला जोडल्या आहेत ती जागा, मग आतला भाग बॅटरीच्या उजेडात. बोटाच्या पेरानं सोन्यावरून एकदा हात फिरवला. अगदी शेवटी फुलदाणी आडवी करून बुडाची खूण बघितली, तीही नुसती नजर टाकल्यासारखी.

“शोवा काळ. सुरुवातीचा,” त्या म्हणाल्या. म्हणजे १९२६ नंतरची.

काकांचा चेहरा बघवेना. त्यांनी विचारलं, “आणि खूण? ती तर शिमाझूंची आहे ना?”

मालकीणबाईंचं उत्तर लांबलचक होतं आणि मी ते तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्यानं १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा सात्सुमाच्या शिमाझूंनी तिथले कुंभार धरून आणले. त्यांच्या वंशजांनी कागोशिमात, म्हणजे सात्सुमातच, सायीच्या रंगाची, झिलईत केसासारख्या तड्यांचं जाळं असलेली पांढरी भांडी केली, ती सरदारांसाठी. काळी भांडी सामान्यांसाठी. १७८० साली सात्सुमात अशी सोन्यानं लिंपलेली, शिष्यांची गर्दी असलेली फुलदाणी कोणी करतच नव्हतं. ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. १८६७ला पॅरिसच्या प्रदर्शनात सात्सुमानं आपला माल मांडला, १८७३ला व्हिएन्नात सात्सुमातले कुंभार चिन जुकान यांच्या भल्या मोठ्या फुलदाण्या गाजल्या, आणि मग मागणी अशी आली की क्योतो, ओसाका, योकोहामा, नागोया, सगळीकडे ‘सात्सुमा’ होऊ लागलं. शिमाझूंचा क्रॉस ज्याला हवा तो रंगवायला लागला. त्यांच्या घरचं जुनं भांडं असतं तर त्यावर बहुधा काहीच खूण नसती.

“तेही बरोबर,” काका हळूच मला म्हणाले. “कोल्हापुरातल्या चांभारानं स्वतःच्या चपलेवर ‘कोल्हापुरी’ कशाला लिहायचं?”

हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा मालकीणबाई पहिल्यांदा हसल्या, आणि उठून आत गेल्या.

त्या परतल्या त्या एक लहान लाकडी पेटी घेऊन. आत तळहातावर मावेल एवढा वाडगा होता, सायीच्याच रंगाचा. आतल्या बाजूला फुलपाखरं. किती, ते मोजायचा मोह मला नेहमी होतो आणि कधीच पुरा होत नाही. बाहेरून मिरवणूक चाललेली, माणसं गव्हाच्या दाण्याएवढी. बुडाला सोनेरी चौकटीत ‘याबू मेइझान’. ओसाकात १८८० साली यांनी भांडी रंगवायचा कारखाना काढला, १८९३ला शिकागोच्या प्रदर्शनात यांचा माल होता. हा वाडगा इंग्लंडहून परत आला होता. मेइजी काळातलं सगळ्यात चांगलं काम परदेशी जाण्यासाठीच व्हायचं, त्यामुळे आता ते तिकडून विकत घेऊन इथे आणावं लागतं. क्योतोतल्या कियोमिझू सान्नेनझाका संग्रहालयातही असं परदेशातून परत आणलेलं कितीतरी काम ठेवलेलं आहे.

काकांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं. मग ते बोलेनासे झाले. मी असे क्षण बरेच पाहिले आहेत, लोक ‘वा’ म्हणतात, फोटो काढू का विचारतात. काकांनी यातलं काही केलं नाही. ते एकेक माणूस बघत होते, ओळीनं, आम्ही शेजारी आहोत हे विसरून. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, “इथे बघ. या पोराच्या बाहीची रेघ. कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, सगळं दिसतंय. मध्ये कुठेही हात हललेला नाही. हा माणूस श्वास रोखून काम करत होता.” डोळ्यांवर आयुष्यभर टाके घातलेला माणूस बोलत होता, मी काय सांगणार.

मग त्यांनी विचारलं, “मेइझाननं असे किती केले असतील?”

“स्वतः? त्यांच्या कारखान्यात रंगारी होते,” मालकीणबाई म्हणाल्या. “कोरी भांडी कागोशिमाहून यायची. आणि बाह्यरेषा पुष्कळदा तांब्याच्या पत्र्यावर कोरून, तिचा छाप उतरवून घ्यायचे. त्यावर रंगवायचे.”

हे वाक्य मराठीत सांगताना मला सकाळची बशी आठवत होती आणि काकांनाही आठवत असणार, कारण ते एकदम माझ्याकडे वळले. “म्हणजे हाही छापील?”

मी तसंच विचारलं. मालकीणबाईंनी काकांची फुलदाणी वाडग्याशेजारी सरकवली, दोन्हींवर बॅटरी धरली आणि म्हणाल्या, “बोटं बघा.”

फुलदाणीवरचे शिष्य हात जोडून बसले होते. ते हात म्हणजे पांढऱ्या मीन्याचा एकेक थेंब, त्यावर दोन काळ्या रेघा. प्रत्येकाला त्याच दोन रेघा. कोणीतरी दिवसाला कितीतरी फुलदाण्या याच रेघांनी संपवत असणार, आणि हेही सगळं हातानंच केलेलं होतं, शंभर टक्के. वाडग्यावर मिरवणुकीतल्या एका बाईनं मुलाचं मनगट धरलं होतं. भिंगाखाली तिची चार बोटं वेगवेगळी मोजता येत होती. खालची रेघ छापाची असो नसो, ती बोटं कोणीतरी एकेक करून काढली होती. ते रंगारी कोण, त्यांची नावं वाडग्यावर नाहीत. नाव मालकाचं.

काकांनी किंमत विचारली. सात आकडी येन. वाडगा पेटीत परत गेला. घासाघीस करायचा विचारही कोणाच्या मनात आला नाही.

त्यांनी घेतली ती वेगळीच वस्तू, किन्कोझानची वीतभर फुलदाणी. किन्कोझान म्हणजे क्योतोच्याच आवाता भागातलं मोठं घराणं, परदेशी माल पाठवण्यात पटाईत. वस्तू विकायच्या आधी मालकीणबाईंनी खोलीतला दिवा मालवून अतिनील बॅटरी लावली. मानेभोवती एक फिकट पट्टा चमकून उठला: तोंड कधीतरी फुटलं होतं आणि कोणीतरी ते भरून वर रंग मारला होता. दिवसाउजेडी मला ते दिसलं नसतं. या दुरुस्तीमुळे किंमत चौथाईवर आली होती. काकांनी पंधरा मिनिटं भिंगानं बोटं बघितली आणि पाकीट काढलं.

नंतर कागदांचं काम. अमेरिकेत शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू नेहमीच्या जकातीवाचून नेता येते, पण तिचा काळ सांगणारा कागद लागतो. मालकीणबाईंनी किन्कोझानच्या पावतीवर लिहिलं: मेइजीचा उत्तरार्ध, तोंड दुरुस्त केलेलं. मग काकांनी भीत भीत विचारलं, त्यांच्या मोठ्या फुलदाणीलाही एक चिठ्ठी मिळेल का. मिळाली, फुकट. शोवा, सुरुवातीचा काळ. काकांनी ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली आणि मला म्हणाले, “विमा कंपनीला मी १७८० कळवलंय. आता काय करू?” हप्ता कमी होईल, एवढंच मला सुचलं.

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “ती कोरी भांडी जिथून यायची, ते गाव अजून आहे?” आहे. कागोशिमाजवळ मियामा. चिन जुकान यांच्या घराण्याची भट्टी तिथे अजून चालते, आता पंधरावी पिढी. शिन-ओसाकाहून शिनकानसेन या बुलेट ट्रेननं कागोशिमा चार तासांवर, पुढे लोकल. काकांनी तिथेच न्यू जर्सीला फोन लावला. काकू पलीकडून काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण काका तीनदा “अगं, दोनच दिवस” म्हणाले. मी त्यांचं विमानाचं तिकीट पुढे ढकललं, कागोशिमाचं आरक्षण केलं, आणि दोन दिवसांच्या माझ्या पैशांचं तेवढं आधी ठरवून घेतलं.