कवळाभर पिंजर

परवा रात्री आमची यॉर्कशायर जातीची डुकरीण तिसऱ्यांदा व्याली. 11 पिल्लं, आणि आज 11 च्या 11 सडाला आहेत. पहिल्या वेताला याच मादीची 9 मधली 4 गेली होती. ती आमच्या हातून गेली, म्हणून हे लिहितेय.

शेड बांधताना एकाने बजावलं होतं, कणभर कचरा ठेवू नका, रोग होतो. मीही फरशी घासून लख्ख ठेवली. गाभणपणाच्या 113 व्या दिवशी दुपारी मादी पुढच्या पायाने सिमेंट खरवडायला लागली. नाकाडाने कोपरा उकरायची, पाइप चावायची, बसली की लगेच उठायची. मला वाटलं, कळा लागल्यात. अंगाखाली पोतं टाकलं, तर तिने ते तोंडात धरून कोपऱ्यात नेलं आणि पायाने पसरायला लागली. तरी माझ्या ध्यानात आलं नाही. विताना मधेमधे उठतच राहिली. 3 पिल्लं अंगाखाली गेली, एक सकाळी भिंतीशी गार सापडलं.

आत्याबाईंचं माहेर आजऱ्याकडं, रानालगत. त्या म्हणाल्या, "अगं, घर करायला बघत हुती ती. रानडुकरीण झुडपं मोडून, गवात वडून ढीग करतीया, मग आत शिरून वेतीया. हिला तू नुसती फरशी दिलीस."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. व्यायच्या आधी साधारण 24 तास ही ओढ आतूनच सुरू होते, सामान असो वा नसो. घर करायला मिळालं की मादी निवांत पडते, वीण लवकर उरकते. आणि पिल्लाच्या अंगात जन्मतः चरबी नसल्यातच जमा. त्याला 34 अंशांची ऊब लागते. ओलं पिल्लू सिमेंटवर गारठलं की सडापर्यंत पोचत नाही. वारेतून त्याला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळालेली नसते, ती सगळी चिकात. चीक चुकला की पिल्लू गेलंच. शिवाय गारठलेलं पिल्लू उबेसाठी आईला चिकटतं आणि तिथंच चेंगरतं.

दुसऱ्या वेताला घरचं उसाचं पाचट टाकलं. त्याच्या कडांनी सडांवर ओरखडे उठले. यंदा भाताचं पिंजर दिलं, कवळाभर, 112 व्या दिवशीच. आधी मुठीत धरून वास घेतला. बुरशीचं, काळं पडलेलं सगळं बाजूला काढलं. दुपारपासून मादी तोंडाने काड्या ओढून कोपऱ्यात रचत होती, संध्याकाळी त्यातच वाटोळी फिरून आडवी झाली. पहिलं पिल्लू आल्यावर लांब काड्या काढून वीतभर तुकडे पसरले, कारण लांब काडीत पिल्लांचे पाय अडकतात. पिल्लं भिंतीशी चेंगरू नयेत म्हणून भिंतीपासून वीतभर आत आडवा पाइप आहेच, आणि उबेचा बल्ब पिंजरापासून उंच, साखळीला बांधलेला. आग लागायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या मादीचे 112 दिवस येत्या गुरुवारी भरतात. पिंजर माळ्यावर काढून ठेवलंय, कोरडं आहे.