क्रोटन हिरवा का पडतो?

नर्सरीतून लाल-पिवळा क्रोटन आणावा आणि चार महिन्यांत तो हिरवागार व्हावा, ही तक्रार फार जुनी. त्यावर बहुतेकजण खत घालतात. युरिया किंवा नत्र जास्त असलेलं कुठलंही खत पडलं की पानं मोठी होतात आणि आणखी हिरवी. क्रोटनला रंग आणतं ते ऊन. रोज चार-पाच तास ऊन हवं, सकाळचं असेल तर उत्तम. हॉलच्या कोपऱ्यात तो जगेल, पण रंगणार नाही. अगदीच ऊन कमी असेल तर बारीक पिवळ्या ठिपक्यांचा 'गोल्ड डस्ट' घ्या. 'पेट्रा' किंवा पिळदार पानांचा 'मॅमी' तिथे वाया जातो. नवीन पान मात्र बऱ्याच जातींत हिरवं-पिवळंच निघतं आणि जून होताना लाल होतं, तेव्हा शेंड्याकडे बघून घाबरू नका.

दुसरी तक्रार पानगळीची. नर्सरीत शेडनेटखाली वाढलेलं झाड थेट गच्चीवर ठेवलं की आठवड्याभरात खालची पानं गळतात, वरची करपतात. दहा-बारा दिवस सावलीत ठेवून ऊन हळूहळू वाढवायचं. पानं गळाली तरी पाणी वाढवू नका. पानं कमी झाल्यावर पाणीही कमी लागतं, आणि ओल्या मातीत मुळं कुजतात. फांदी नखाने किंचित खरवडा. आत हिरवी असेल तर झाड जिवंत आहे, थांबा. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला तरी अशीच गळ होते.

कुंडी दहा इंची. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. वरची इंचभर माती सुकली की पाणी.

पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर लाल कोळी समजा. कोरड्या हवेत, म्हणजे उन्हाळ्यात, तो हमखास येतो. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून आठवड्यातून एकदा, संध्याकाळी फवारा. बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. तो आधी ओल्या फडक्याने पुसून काढा, मग फवारणी.

रोपं करायची तर पावसाळ्यात. शेंड्याचा सहा इंची तुकडा घ्या, वरची तीन-चार पानं ठेवा, चीक धुऊन टाका आणि ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत लावा. महिना-दीड महिन्यात मुळं येतात. नुसतं पान पाण्यात ठेवलं तरी त्याला मुळं फुटतात आणि माणूस खूश होतो, पण कोंब फुटणारा डोळा नसल्यामुळे त्याचं झाड कधीच होत नाही. उंच, खाली उघडं पडलेलं झाड असेल तर गुटी कलम बरं: पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ (मॉस) गुंडाळून प्लास्टिकने घट्ट बांधायचं, मुळं प्लास्टिकमधून दिसली की खालून कापायचं.

चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, काहींच्या कातडीला खाजही सुटते. छाटताना जुने कपडे आणि हातमोजे घाला, आणि रांगतं मूल किंवा पानं चघळणारं मांजर घरात असेल तर कुंडी वर ठेवा.