नहुश्तान

रविवार, रात्रीचे अकरा

आज उपासनेत हिज्कीया राजाचा अध्याय होता, बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाचा अठरावा. पाळकसाहेबांना अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या वेढ्यापर्यंत पोहोचायची घाई होती, त्यामुळे चौथं वचन त्यांनी नुसतं वाचलं आणि पुढे गेले. मी तिथेच अडकले. हिज्कीयाने पूजेची उच्च स्थानं मोडली, मूर्तिस्तंभ फोडले, आणि मोशेने केलेल्या पितळी सापाचेही तुकडे केले, कारण तोपर्यंत इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळत होते. त्याला नहुश्तान म्हणत.

हे वचन याआधी किती वेळा वाचलं असेल. आज मात्र मोशेने केलेला हे दोन शब्द टोचले.

घरी आल्यावर गणना या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढला. मिसरातून सुटून मोशेमागे रानात चालून लोक कंटाळलेत, देवाने दिलेल्या रोजच्या अन्नाचा, मान्न्याचा, वीट आलाय, देवाविरुद्ध आणि मोशेविरुद्ध कुरकुर चाललीये. मग साप येतात, माणसं मरतात. तेच लोक मोशेकडे धावतात: आमचं चुकलं, हे साप जाऊ देत म्हणून देवाला विनंती कर. ज्याला शिव्या घातल्या त्याच्याकडेच. आणि तो करतो. एक शब्द न ऐकवता करतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पण साप जात नाहीत! मागितलं होतं ते मिळालंच नाही. मिळाला तो खांबावरचा पितळेचा साप. ज्याला दंश होईल त्याने त्याच्याकडे पाहावं, म्हणजे तो वाचेल. दंश व्हायचे ते होतच राहिले असणार. हिब्रूत साप म्हणजे नाहाश आणि पितळ म्हणजे नेहोशेत. नहुश्तान या नावात दोन्ही ऐकू येतात.

म्हणजे हा साप आला कुठून, तर एका माणसाने दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेतून. देवानेच करायला सांगितलेला. आणि शेकडो वर्षांनी यरुशलेमेत त्याच्यापुढे धूप जळतोय.

सोन्याच्या वासराचं तसं नव्हतं. ते सरळसरळ उतावीळपणातून झालं. मोशे चाळीस दिवस सीनायवरून उतरेना, लोकांचा धीर सुटला, त्याच्या भावाने, अहरोनाने, कानातली गोळा केली. आणि पकडला गेल्यावर तो काय म्हणतो? मी सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. (चौथीतल्या मुलाचं उत्तर. अनुवाद या पुस्तकात मोशे म्हणतो, मी अहरोनासाठीही प्रार्थना केली. करावी लागलीच असणार.)

वासराच्या त्या अध्यायात मला सगळ्यात आवडतो तो डोंगरावरचा संवाद. देव मोशेला म्हणतो, तू मिसरातून आणलेले 'तुझे' लोक बिघडले. आता मला अडवू नकोस, मी त्यांना भस्म करतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. मोशे लगेच सर्वनाम परत करतो: 'तुझ्या' लोकांवर, तू आणलेल्या लोकांवर, का रागावतोस? मिसरी लोक काय म्हणतील? अब्राहामाला दिलेला शब्द आठव. ताल्मुद या ज्यूंच्या ग्रंथात एका रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, म्हटलंय की मित्राचं वस्त्र धरावं तसं मोशेने देवाला धरलं. मला अडवू नकोस, असं कोण कुणाला म्हणतं? ज्याला अडवता येतं त्यालाच ना.

आणि हाच मोशे खाली उतरल्यावर पाट्या फोडतो, वासरू जाळून, दळून, पाण्यावर टाकून त्यांनाच प्यायला लावतो. वर त्यांची बाजू घेतो, खाली त्यांची गय करत नाही. आम्ही नेमकं उलटं करतो. माणसासमोर गोड बोलायचं आणि प्रार्थनेत देवाकडे त्याच्या चहाड्या सांगायच्या. प्रार्थना सभेत हे मी स्वतः केलंय.

एवढं सगळं आठवायचं कारण, आईची वही.

दोनशे पानी, रेघी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे. कणा उसवलेला, त्यावर चिकटपट्टीचे तीन थर. आत फक्त नावं, आणि नावापुढे एक शब्द. गुडघे. नोकरी. मूल. दारू. काम झालं की हिरव्या पेनने बरोबरची खूण. आई गेल्यापासून ती माझ्या उशाशी असते. प्रार्थनेला बसताना आधी तिच्यावर हात ठेवायचा, मग डोळे मिटायचे. गेल्या महिन्यात नाशिकला गेले तेव्हा ती घरी राहिली, तर चार दिवस मला प्रार्थनाच सुचेना. नावं पाठ असून. तेव्हा म्हटलं, आईची आठवण येतेय, दुसरं काय.

आज ते चौथं वचन ऐकताना पोटात खड्डा पडला तो यामुळे.

मला वाटतं, त्या पितळी सापाची पूजा करायची असं कुणी ठरवलं नसेल. आजोबा याच्याकडे बघून वाचले, म्हणून कुणी तो जपला असेल. कुणी पुसून ठेवला असेल. मग कुणीतरी एकदा धूप लावला असेल, वास चांगला येतो म्हणून.

दुपारी वही पुन्हा चाळली. मधल्या एका पानावर मामाचं नाव आहे, पुढे 'दारू'. त्यावर रेघ. इतक्या जोरात मारलेली की मागच्या दोन पानांवर उमटलीय. हे आजीच्या पाटल्या गेल्या तेव्हाचं असणार. आई मामाशी दीड वर्ष बोलली नव्हती. पण तीन पानं उलटली की तळाशी पुन्हा मामा. या वेळी पुढे शब्दच नाही.

यिर्मया संदेष्ट्याला देव म्हणतो, या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस, मी ऐकणार नाही. मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका आकाशराणी नावाच्या देवीसाठी कणीक मळतात. सगळं घर कामाला लागलेलं. हीच मनाई सातव्या अध्यायात आहे, अकराव्यात आहे, चौदाव्यातही आहे. एकच गोष्ट तीनदा का सांगावी लागते, हे घरात मूल असलेल्या कुणालाही विचारा. चौदाव्यात तर मनाई झाल्यावरही तो लोकांची बाजू मांडतच राहतो: संदेष्टेच त्यांना खोटं सांगतायत म्हणून. आईला यिर्मया फारसा आवडायचा नाही. रडका म्हणायची.

वही फाडायची छाती माझ्यात नाही. मी हिज्कीया नव्हे. जुन्या साड्यांखाली, खालच्या कप्प्यात ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

आता तासाभरापूर्वी तशीच बसले, मोकळ्या हातांनी. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मग एकेक नाव घेत गेले. मामाचं दुसरंच आलं. सतरापर्यंत पोहोचले आणि पुढचं आठवेना. उठले, कपाटापर्यंत गेले, किल्लीला हात लावला, आणि परत येऊन बसले. अठरावं अजून आठवलेलं नाही.