धुऱ्यावरची कळलावी

पोळ्याच्या आसपास आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या काट्यात एक वेल चढते, लांबून बघितलं तर वाटतं कुणी दिवे लावून ठेवलेत. ही कळलावी, कुणी अग्निशिखा म्हणतं. मला लहानपणापासून तिचं वेड आणि आजी मात्र दारातच अडवायची, "घरात नको आणू वं, भांडनं लागतात." नावामुळंच असेल ते. वैद्य लोकं कळ म्हणजे बाळंतपणाची कळ असा अर्थ सांगतात.

फूल असलं की ओळखायला काहीच कष्ट नाही. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, उलट्या वळून वर उभ्या राहतात, उमलताना हिरवट-पिवळ्या, मग बुडाशी पिवळ्या टोकाला लाल आणि शेवटी पूर्ण लाल, म्हणून एकाच वेलीवर तीन रंगाची फुलं दिसतात. खरी परीक्षा जुलैत, फूल नसताना. तेव्हा पानाचं टोक बघा. टोकच लांब होऊन स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि जे सापडेल ते धरून वर चढतं, वेगळा तणावा नसतोच. हे एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही.

आता लावायचं. शेजारच्या वावरात जेसीबीनं धुरा सपाट करणार होते म्हणून आदल्या दिवशी जाऊन मी कंद काढले (जंगलातून उपटून आणू नका, तिथली वेल तिथंच राहू द्या). कंद इंग्रजी व्ही सारखा, नांगराच्या फाळासारखा, संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते यासाठीच. कोंब येतो फक्त त्या दोन फाट्यांच्या टोकाला, आणि कंद इतका ठिसूळ की माझ्या हातून पहिल्याच वर्षी दोन कंदांची टोकं मोडली, मी तशीच लावली आणि अख्खा पावसाळा वाट बघत बसले, काहीच उगवलं नाही. लई वाईट वाटलं. आता कुदळ लांबून मारते आणि शेवटची माती हातानं काढते. कंद आडवा, दोन-तीन इंच खोल. आमच्या काळ्या मातीत पाणी साचून तो सडतो म्हणून मुरूम आणि पालापाचोळा मिसळून उंचवटा करते, आधाराला पऱ्हाटीची (कापसाच्या झाडाची) काडी. दिवाळीनंतर वेल वाळते, मेली समजून खोदू नका, खाली कंद झोपलेला असतो, मृगात परत येतो. बियांपासूनही होते पण फुलं यायला तीन-चार वर्षं लागतात.

काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर समजा पानं गेली. मी काडीनं वेचते, फवारा मारत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते, ही वेल नखशिखांत विषारी आहे आणि कंद सगळ्यात जास्त. यात कोल्चिसिन असतं, गाऊट नावाच्या सांधेदुखीवर डॉक्टर मोजून देतात तेच, पण कंद रानकंद समजून खाल्ला तर उलट्या-जुलाब होऊन जीव जातो. चुकून पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. ग्लोव्हज घालूनच हात लावा आणि लेकरं, ढोरं यांच्यापासून दूर लावा. मी गोठ्याच्या मागच्या बाजूला लावलीय, काट्याच्या कुंपणाआड.

यंदा तीन वेली आल्या. आजी आता काठी टेकत तिथवर जाते आणि घरात आणू नको म्हणत म्हणत फुलं मोजून येते, काल अकरा होती म्हणे.