सावरीला आत्ता पानं नसत्यात

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. इथलं वर्ष दोन तुकड्यांत पडतं. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला माणसं ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या घालून सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात ऊसतोडीला जातात. घरी आजी-आजोबा धडधाकट असले किंवा जवळपास हंगामी वसतिगृह सुरू झालं, तर पोरं मागे राहतात. नाहीतर तीही जातात. फाल्गुनात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की एकेक ट्रॅक्टर गावात शिरतो आणि वर्गात मागच्या भिंतीला टेकून चार-पाच मुलं पुन्हा बसायला लागतात. त्यांच्या हातात गेल्या दिवाळीचं पुस्तक असतं, वर्ग मात्र शेवटच्या धड्याला पोचलेला असतो.

पाडव्याला आम्ही पहिलीच्या नव्या मुलांची नावं घालतो. गावातून फेरी काढतो, शाळेच्या दारात गुढी उभारतो, आलेल्या मुलांना ओवाळतो. दाराची सजावट मात्र मुलांनीच करायची, आणि तीही घरातल्या टाकाऊ वस्तूंची, असा माझा हट्ट आहे. राज्यात 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्याच्याही आधीपासूनचा. टाकाऊतून टिकाऊ म्हणायचं आणि त्यासाठी बाजारातून चकचकीत कागद, टिकल्या, डिंकाच्या नळ्या विकत आणायच्या, हे मला पटत नाही. आमच्या पालकांना ते परवडतही नाही.

सामान जमवायला पंधरा दिवस आधी सुरुवात होते. फाट्यावरच्या अंडाबुर्जीच्या गाड्यावरून अंड्यांचे कागदी ट्रे येतात. त्यातले अंडं फुटून डागाळलेले मी घेत नाही. चांगले असतील तेही दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकते. शिंप्याकडून कापडाच्या गठ्ठ्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, किराणा दुकानातून सुतळी, घरोघरच्या साड्यांची खोकी. दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून वाळवलेल्या. पिशवीचा कोपरा कापून वेगळा करायचा नाही, चीर देऊन तसाच लटकता ठेवायचा, हे मुलांनी आयांनाही शिकवलंय. तो इवलासा तुकडाच कचऱ्यात हरवतो आणि भंगारवाल्यापर्यंत कधी पोचत नाही.

आणि लग्नपत्रिका. आमच्याकडे प्रत्येक घरात खुंटीला पत्रिकांचा गठ्ठा असतो. लाल, केशरी, हळदी, जांभळा, हवा तो रंग त्यात मिळतो आणि कागदही जाड असतो. कापायच्या आधी पत्रिका मोठ्यानं वाचायची, असा नियम आहे. ‘चि. सौ. कां.’पासून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं. तिसरी-चौथीची मुलं जोडाक्षरं पाठ्यपुस्तकापेक्षा पत्रिकांवर जास्त भराभर वाचतात, कारण त्यात त्यांच्या ओळखीची नावं असतात. गणपतीचं चित्र मात्र कुणी कापत नाही. ते अलगद सोडवून वेगळ्या डब्यात ठेवायचं; हे मी सांगितलेलं नाही, मुलांनीच ठरवलंय.

खळ गव्हाच्या पिठाची. गार पाण्यात पीठ कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. पूर्वी ती टिकावी म्हणून मोरचूद घालायचे. मुलांच्या हातात विष नको, म्हणून मी घालत नाही. रोजची रोज ताजी करते.

सांगायचं आहे ते त्या शनिवारबद्दल. शनिवारी आमच्याकडे दप्तर नसतं, सकाळची शाळा असते. पळस भरात होता. मी मुलांना आधी ओढ्याकाठच्या पळसाखाली नेलं. फूल करायचं तर ते आधी हातात घेऊन उसवून बघायचं, ही माझी दुसरी अट. मुलांना ‘फूल काढा’ म्हटलं की मधे एक गोल आणि भोवती पाच गोल पाकळ्या. असलं फूल पळसाला येत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओतही तेच आणि बाजारातल्या तोरणातही तेच. डोळ्यांसमोर डोंगर पेटल्यासारखा फुललेला असताना मुलांनी ते का करावं?

पळसाचं फूल उसवणं हा खरोखर आनंदाचा भाग असतो. बाहेर काळपट, मखमली पेला. एक मोठी पाकळी मागं वळलेली, दोन बाजूंना दोन, आणि उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून राघूच्या चोचीसारख्या वाकलेल्या. ती चोच नखानं उकलली की आत दहा पुंकेसर, नऊ एकत्र जोडलेले आणि एक सुटा. तो सुटा शोधण्यासाठी पोरांची झुंबड उडते. मग वर्गात येऊन केशरी पत्रिकांच्या पाकळ्या, बांगड्यांच्या जुन्या डबीतल्या मखमली अस्तराचा पेला, खराट्याच्या काडीचं देठ. पहिलीतल्या मुलांची चोच वाकडी होते. खऱ्या पळसाचीही वाकडीच असते, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही.

त्या गोंधळात एक मुलगी गप्प होती. तिसरीतली. आठवडाभरापूर्वीच आई-बापाबरोबर तोडीवरून परतली होती. परतल्यापासून हजेरीला ‘हाय’ म्हणण्यापलीकडे ती एक शब्द बोलली नव्हती. वाचायला उठवलं की पुस्तकात बोट ठेवून उभी राहायची. दुसरीत असताना बऱ्यापैकी वाचत होती, हे मला माहीत होतं. पाच महिने अक्षर डोळ्यांसमोर आलं नाही की काय होतं, ते आम्ही दर वर्षी बघतो.

तिनं पळसाचं काहीच घेतलं नाही. अंड्याचा एक ट्रे ओढून घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मी मुद्दाम काही विचारलं नाही. लांबून बघत राहिले.

ट्रेमधले खळगे तिनं कात्रीनं एकेक सुटे केले. त्यातला एक तसाच पेल्यासारखा ठेवला. दुसऱ्या ट्रेच्या सपाट कडेतून लांबट पाकळ्या कापल्या, मोजून पाच. त्या पाण्यात बुडवल्या. ट्रेचा लगदा भिजला की मऊ पडतो. तिनं अंगठ्यानं दाबून प्रत्येक पाकळीला बाहेरच्या बाजूनं बाक दिला आणि खिडकीत उन्हाला ठेवल्या. वाळल्यावर त्या कडक, जाडसर आणि किंचित खरबरीत झाल्या. आतून लाल रंग दिला. मग सुतळीचा तुकडा उलगडून त्याचे धागे केले, चिमूट-चिमूट बांधून पेल्याच्या मधोमध खळीनं बसवले. एवढं करून ती उठली आणि खिचडीच्या चुलीकडे गेली. आमच्या स्वयंपाकीण मावशी ओरडणार, तेवढ्यात मी त्यांना खुणेनं थांबवलं. तिनं विझलेल्या चुलीच्या भिंतीवरची काजळी बोटावर घेतली, परत आली आणि धाग्यांच्या टोकांना लावली. फक्त टोकांना.

काटेसावर. पाच मांसल पाकळ्या, भरगच्च पुंकेसर आणि त्यांची काळपट टोकं. शाळेच्या आसपास सावरीचं झाड नाही. समोर नमुना नसताना, नुसत्या आठवणीतून तिनं ते केलं होतं.

एव्हाना बाकीची पोरं तिच्याभोवती जमली. चौथीतल्या एकानं कौतुकानं दुधाच्या पिशवीची दोन हिरवी पानं आणून फुलाच्या देठाला लावली. तिनं ती काढून टाकली. त्यानं परत लावली.

“सावरीला आत्ता पानं नसत्यात,” ती म्हणाली. “नुसती फुलं असत्यात. पानं मागून येत्यात.”

आवाज बारीक होता, पण ठाम. मी विचारलं, “तू कुठं बघितलीस गं सावर?”

“कोपीपाशी.”

मग ती बोलायला लागली. सांगलीकडे एका कारखान्याच्या तळावर त्यांची पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची, कोपी होती, छोटी झोपडी. आई-बाप पहाटे, अंधारातच फडावर जायचे. धाकटा भाऊ हिच्या ताब्यात. कोपीत धूर व्हायचा, म्हणून ती त्याला घेऊन बांधावरच्या सावरीखाली बसायची. झाडावर सकाळी कावळे आणि साळुंक्या भांडायच्या, खारी यायच्या. फूल गळायचं ते पाकळी-पाकळी नाही, अख्खं. गरगर फिरत खाली यायचं आणि धप्प आवाज व्हायचा. भाऊ रडायला लागला की ती त्याला म्हणायची, “थांब, आता पडंल.” तो वर बघत गप्प व्हायचा. पडलेली फुलं शेळ्या खायच्या. खोडाला काटे होते, म्हणून वर कुणी चढायचं नाही.

“काटे कसले गं?” कुणीतरी विचारलं.

तिनं ट्रेकडे बघितलं. अंड्याच्या ट्रेमध्ये खळग्यांच्या मधे उंच, टोकदार सुळके असतात, ते आम्ही आजवर कापून टाकत आलो होतो. तिनं त्यातला एक कापून पुठ्ठ्याच्या नळीवर उभा धरला. “असले.” हुबेहूब. कोवळ्या सावरीच्या खोडावर असतो तसाच, बुडाशी रुंद आणि वर निमुळता. टाकून दिलेल्या कपच्यांच्या ढिगाऱ्यावर पोरं तुटून पडली. नळीला राखेत कालवलेल्या खळीचा हात दिला, त्यावर काटे बसले, खराट्याच्या जाड काड्यांच्या फांद्या झाल्या. बाकीच्यांनी पळस सोडून सावरीची फुलं करायला घेतली. ती आता प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होती, फूल खाली लोंबत नाही, फांदीवर बसल्यासारखं वर तोंड करून असतं. कळी गोल, हिरवट आणि घट्ट असते. एकच धागा नको, लई पाहिजेत.

मी फळा पुसला आणि तिला म्हटलं, “मगाशी सांगितलंस ते परत सांग. मी लिहिते.” तिनं सांगितलं तसं, तिच्याच बोलीत, शब्द न बदलता लिहीत गेले. ‘आमच्या कोपीपाशी सावर होती. फूल पडलं की धप्प वाजायचं.’ सात-आठ ओळी झाल्या. मग खडू ठेवला आणि तिला वाचायला सांगितलं. तिनं बोट ठेवलं नाही. दोन ठिकाणी अडखळली, ‘साळुंक्या’ला आणि ‘पाचट’ला, पण थांबली नाही. शेवटची ओळ वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मी न सांगता.

वाचनात मागे पडलेल्या मुलाला मागचा धडा पुन्हा-पुन्हा वाचायला लावणं, हे मी स्वतःही करते आणि करावंही लागतं. पण त्याच्यापाशी जे आहे ते आधी फळ्यावर आलं तर वाचायला कारण मिळतं, हे मला या कामानं दाखवलंय. तोडीवर गेलेल्या मुलांची पाटी कोरी झालेली नसते. त्यांनी उसाची जात ओळखायला शिकलेलं असतं, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकताना हिशेब केलेला असतो, दोन भाषांची सीमा ओलांडलेली असते. आमच्या चाचण्यांत त्याला रकाना नाही. अंड्याच्या ट्रेला मात्र रकाने भरपूर असतात, आणि काय करायचं ते तो सांगत नाही. विकतच्या साच्यातून तिनं एक नीटनेटकं गुलाबी फूल केलं असतं, दारावर लावलं असतं आणि परत भिंतीला टेकून बसली असती.

पाडव्याला दाराच्या एका बाजूला पळस, एका बाजूला सावर आणि मधे गुढी. पहिलीत नाव घातलेल्या मुलांना ती सावरीपाशी नेऊन काट्यांना हात लावायला देत होती. तिचा धाकटा भाऊ अजून अंगणवाडीच्याही वयाचा नाही, पण आईच्या कडेवर बसून आला होता. झाड बघून त्यानं वर बोट केलं.

आईनं फुलं हातात घेऊन उलटसुलट बघितली. “मॅडम, हिनं केलं व्हय?” मग थोडं थांबून म्हणाली, “पण बोंडं नाहीत की. आता झाडाला बोंडं धरली असत्याल. वैशाखात तडकत्यात, आतून रेशमासारखा कापूस निघतो. आमची आई त्याच्या उशा भरायची.”

ते पोरांनी ऐकलं आणि लगेच सोमवारपासून बोंडांचं सुरू करायचं ठरलं. कापूस फाटक्या उशीतून मिळेल. टरफलासाठी एकजण म्हणाला नारळाची करवंटी, पण ती कात्रीनं कापत नाही. लगदाच भिजवून लांबट थापावा आणि उभी चीर द्यावी, असं तिचं म्हणणं आहे, आणि मला ते पटलंय. तोवर बहावा फुलेल. त्याचे पिवळे घोस लोंबते करायचे तर पातळ, हलकं काहीतरी लागेल. कांद्याच्या साली आणि हळदीच्या पाण्यात जुन्या वह्यांचे कोरे कागद रंगवून बघणार आहोत. फाट्यावरच्या गाडेवाल्याला आणखी ट्रे सांगून ठेवलेत.