खड्ड्यातलं रोप

पाच जून जवळ आला की आमच्या सोसायटीत खड्डे खणायला घेतात. सोलापुरात त्या दिवसांत जमीन खणायची म्हणजे पहारच लागते. कुदळ मुरमावर आपटून नुसती टणकन उडते. खणणारा गडी मग आमच्या सेक्रेटरींचा जो उद्धार करतो, तो इथे लिहिण्यासारखा नाही. दहाला बॅनर, साडेदहाला पाहुणे, पावणेअकराला करंजाची रोपं खड्ड्यात. फोटो होतात, तांब्या-तांब्या पाणी पडतं आणि मंडळी सावलीला उप्पीट खायला जातात. सावली जुन्या कडुनिंबाची. तो कोणत्या दिनाला लावला, कुणालाच ठाऊक नाही.

ही तारीख आली कुठून, हे मी एकदा शोधलं. १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची परिषद भरली, ती सुरू झाली ५ जूनला. तोच दिवस पर्यावरण दिन ठरला आणि १९७३ पासून पाळला जाऊ लागला. म्हणजे तारीख परिषदेची, पावसाची नव्हे. स्वीडनला दोष देऊन उपयोग नाही. पर्यावरण म्हटलं की झाड, आणि झाड म्हटलं की आजच्या आज खड्डा, ही घाई आपली.

वनमहोत्सवाचं तसं नाही. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न आणि शेतीखात्याचे मंत्री होते, तेव्हा १९५० साली त्यांनी तो सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आभाळाकडे बघून ठरवलेली तारीख! अमेरिकेतही नेब्रास्का नावाच्या उघड्याबोडक्या माळरानाच्या राज्यात १८७२ साली पहिला वृक्षदिन झाला तो १० एप्रिलला, आणि पुढे बाकीच्या राज्यांनी आपापल्या हवेप्रमाणे दिवस निवडले. फ्लोरिडाचा जानेवारीत, हवाईचा थेट नोव्हेंबरात. आमच्या सोलापूरला विचारलं असतं, तर त्यानं बहुधा सप्टेंबर सांगितला असता. आमच्याकडे पावसाचा खरा जोर तेव्हाच.

आईला यातलं काही माहीत नाही. ती बार्शीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिचं कॅलेंडर नक्षत्रांचं. मे संपत आला की पंचांग उघडून मृगाचं वाहन काय ते बघते. बेडूक किंवा म्हैस असली की खूश, कोल्हा निघाला की पंचांगच मिटून ठेवते. (वाहनाचा आणि पावसाचा संबंध काय, असं मी एकदाच विचारलं. पुन्हा नाही.)

तीन वर्षांपूर्वी पाच जूनच्या संध्याकाळी ती खुरपं आणि बादली घेऊन खाली उतरली. मला वाटलं, पाणी घालायला चालली. अर्ध्या तासानं वर आली तेव्हा बादलीत सहा करंज होते, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेले.

"अगं, हे काय? सकाळी लावलेत ना ते!"

"लावले कुठं? पुरलेत. आर्द्रा लागू दे, मग बघू."

सतरा दिवस सहा रोपं आमच्या मोरीशेजारी, जुन्या डब्यांत. खालच्या रिकाम्या खड्ड्यांकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. आर्द्राचा पाऊस दोन दिवस झिमझिमला, मुरूम मऊ झाला, आणि तिसऱ्या पहाटे आम्ही मायलेक चोरासारखे खाली जाऊन सगळी रोपं जागच्या जागी लावून आलो. दोन मेली. चार जगली, आता माझ्या खांद्याला लागतात.

यंदाच्या पाच जूनला सेक्रेटरींनी भाषणात त्या चौघांकडे हात केला. "तीन वर्षांपूर्वी याच दिवशी लावली होती! रणरणत्या उन्हात! मनापासून केलं की जगतंच."

टाळ्या झाल्या. आईनंही वाजवल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "यंदा आठ आहेत रे. एका बादलीत मावायची नाहीत."